परसातली केल

सुट्टीच्या दिवशी उशिरा उठायचं, नाश्ता आणि जेवण एकाच बैठकीत उरकायचं आणि त्याला 'ब्रंच' म्हणायचं, हे पुण्या-मुंबईत आता नवं राहिलेलं नाही. आमच्याही घरी मुलं हा बेत करतात. लसणावर परतलेली केल, वर अंडं, शेजारी शेतावरून आलेले बटाटे. केल म्हणजे गड्डा न धरणारा, कुरळ्या पानांचा कोबीच. ताटलीत ती मोठ्या ऐटीत बसते. मला मात्र तिची जुनी गरिबी आठवते.

'ब्रंच' हा शब्द छापात पहिल्यांदा आढळतो तो १८९५ साली. 'हंटर्स वीकली' या इंग्रजी नियतकालिकात गाय बेरिंजर या लेखकाने रविवारच्या जड जेवणाऐवजी उशिराच्या न्याहारीची तरफदारी केली. शनिवारी रात्री मौजेसाठी जागलेल्यांची सोय व्हावी, हा त्याचा सरळ हेतू. म्हणजे हे मुळातच सुखवस्तूंचं खाणं.

योगायोग असा, की त्याच १८९५ साली 'केलयार्ड' हा शब्द गाजला. खेड्याचं गोडगोड चित्र रंगवणाऱ्या स्कॉटिश कथाकारांना समीक्षक जे. एच. मिलर यांनी 'केलयार्डचं साहित्य' म्हणून हिणवलं. 'पीटर पॅन'चे कर्ते जे. एम. बॅरीही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. केलयार्ड म्हणजे घरामागचा केलचा वाफा, आपलं परसच म्हणा ना! स्कॉटलंडच्या कडक हिवाळ्यात गरिबाला ओट आणि केल एवढ्याचाच भरवसा. बर्फातही ही भाजी उभी राहते, उलट थंडी लागली की पानं गोड होतात. तिथे 'केल' या शब्दाचा अर्थच पुढे 'जेवण' असा झाला. आपण 'भाकरी खाऊन घे' म्हणतो, तेव्हा नुसती भाकरी थोडीच म्हणायची असते?

लग्नसुद्धा या भाजीवर ठरे. हॅलोवीनच्या रात्री तरुण-तरुणी डोळे मिटून परसात जात आणि हाताला लागेल तो केलचा बुंधा उपटत. बुंधा सरळ, तर जोडीदार देखणा. मुळाला माती चिकटून आली, तर पैसाअडका मिळणार. मग आतला गर चाखायचा. त्यावरून जोडीदाराचा स्वभाव! रॉबर्ट बर्न्स यांनी आपल्या 'हॅलोवीन' या कवितेत ही चाल नोंदवून ठेवली आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला पुन्हा केल आठवली. १९३९ साली सरकारने नागरिकांना हिरवळी, बागा खणून भाज्या लावायला सांगितलं. हिवाळी साठा संपलेला आणि नवं पीक हाती न आलेलं, अशा वसंतातल्या टंचाईच्या दिवसांना तिथे 'भुकेची फट' असंच म्हणतात. त्या दिवसांत केल कामी येई. १९४०पासून १९५४पर्यंत रेशनिंग चाललं. भाज्या त्यात नव्हत्या. अंडं मात्र माणशी आठवड्याला एक, तेही उपलब्ध असेल तर. आमच्या ब्रंचच्या ताटलीत तेव्हाच्या गृहिणीला मौल्यवान वाटलं असतं ते अंडं. आज पुण्यात अंड्याचं कुणाला काही वाटत नाही, केलची जुडी मात्र भाव विचारूनच घ्यावी लागते.

ही भाजी आपल्याला परकी वाटते, पण नावाने ती केव्हाच आपल्या घरात आहे. लॅटिनमध्ये 'कौलिस' म्हणजे देठ. त्यातून 'केल' आला. त्यातूनच पोर्तुगीजांचा 'कोव्ह', आणि कोव्हवरून आपला कोबी. नवलकोलातला 'कोल' डचांकडचा, तोही याच कुळातला. पोर्तुगालमध्ये केलसारखाच गड्डा न धरणारा कोबी बारीक चिरून, बटाटा घालून 'काल्दु व्हेर्द' नावाचं सूप करतात. गोव्यात तेच सूप पालक घालून होतं. काश्मीरचं हाक हे केलचं जवळचं नातलग. ते मोहरीच्या तेलात, हिंग-मिरची घालून भरपूर पाण्यात शिजवतात. मला विचाराल तर बर्गर-पावापेक्षा त्या हाकाबरोबरचा भात उजवा.

आता स्वयंपाकाचं. केल निवडताना मुलं पहिल्यांदा देठ काढून फेकतात. नावच मुळी देठाचं, आणि टाकायचं तेच! ते बारीक चिरून लसणाबरोबर आधी परतावेत, चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवावं. देठ मऊ झाले की मग पानं घालावीत, वरून लिंबू पिळावं. अंडं सगळ्यात शेवटी.