लेखनिक कोणी शोधायचा?

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा अंतराची भाषा वापरतो. निजामाच्या राजवटीत पदवीसाठी नांदेड-लातूरच्या मुलांना हैदराबादची वाट धरावी लागे. 1948 च्या मुक्तीनंतर दोनच वर्षांत नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. 1958 साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ आले. लातूरला 1961 साली दयानंद आणि 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. शेवटी 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर-परभणीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

विद्यापीठ घराजवळ यावे ही मागणी मुळात समतेची होती. परंतु याच इतिहासात आणखी एक अंतर आहे, जे कोसांत मोजता येत नाही. विद्यार्थी कुबड्यांवर आहे आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. पुस्तक छापील आहे आणि वाचणाऱ्याला दृष्टी नाही. हे अंतर कमी करण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला आपल्याकडे फार काळ एकच उत्तर होते : ज्याचे त्याने पाहावे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली; अनेकांच्या वाट्याला कायमचे अपंगत्व आले. त्या वेळी शाळेत असलेली मुले महाविद्यालयाच्या वयाला पोहोचली, तोवर देशात एक नवा कायदा लागू झाला होता. 1995 साली संमत झालेला अपंग व्यक्तींचा हा कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्याच्या कलम 39 ने शासकीय आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा राखून ठेवल्या. मात्र हे कलम नोकऱ्यांविषयीच्या प्रकरणात छापले गेले होते. म्हणून ते प्रवेशांना लागू नाही, असा वाद झाला. ते प्रवेशांविषयीचेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2002 साली स्पष्ट करावे लागले.

याच कायद्यातले कलम 31 मात्र फारसे चर्चेत आले नाही. ते अवघ्या एका वाक्याचे आहे : अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेची राहील. आता प्रत्यक्षात काय चालत आले ते आठवून पाहावे. परीक्षा महिन्यावर आली की अंध विद्यार्थी स्वतःच लेखनिकाच्या शोधात निघतो. गावाकडचा भाऊ, मित्राची बहीण, अकरावीतला एखादा मुलगा. त्यांच्या विनवण्या, त्यांचे प्रवासभाडे, आणि ऐन वेळी त्यांतला कोणी आजारी पडला तर वाया जाणारे वर्ष. कायद्याने जो हक्क म्हणून दिला, तो व्यवहारात उपकार म्हणून मागावा लागला.

केंद्र शासनाने 2013 साली मार्गदर्शक तत्त्वे काढून लेखनिकांची यादी परीक्षा घेणाऱ्यांनी तयार ठेवावी असे सांगितले, त्याच्या शिक्षणावरची अट काढली आणि तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ दिला. 2018 साली शिक्षणाची अट परत आली : स्वतःचा लेखनिक आणल्यास तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा हवा. यामागे गैरप्रकारांची भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हे. पण ज्याला विषयातले शब्दच ठाऊक नाहीत त्याला रसायनशास्त्राचे समीकरण सांगून लिहवून घ्यायचे कसे, याचा विचार कोणी करायचा?

लातूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती विज्ञानशाखेची, वैद्यकीय प्रवेशाची. त्याच शहरातल्या अंध मुलाला मात्र सहजपणे कलाशाखेकडे वळवले जाते. त्यात त्याच्या आवडीपेक्षा प्रयोगशाळेच्या आणि आकृत्यांच्या अडचणीचा भाग मोठा असतो. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत तर एक विलक्षण विसंगती होती. किमान चाळीस टक्के अपंगत्व असल्याशिवाय आरक्षण नाही. पण वाचा-भाषेचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असले की विद्यार्थी अपात्र. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावे लागेल.

मधल्या काळात बरेच घडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पंचवार्षिक योजनांतून अपंग विद्यार्थ्यांसाठी सहाय्य कक्ष आणि साधने यांना अनुदान दिले. नॅकच्या मूल्यांकनात उतरत्या मार्गांची विचारणा होऊ लागली, तसे प्रवेशद्वाराशी सिमेंटचे उतार दिसू लागले. 2012 साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन छापील पुस्तक ब्रेल वा ध्वनिरूपात आणणे सुकर झाले. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस आणि राखीव जागा पाच टक्के केल्या. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला आणि 2022 साली राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला.

या सगळ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कायद्याचे लक्ष प्रामुख्याने दोन ठिकाणी गेले : प्रवेशाच्या खिडकीवर आणि परीक्षेच्या दालनात. मधली तीन वर्षे, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलीने व्याख्यान कसे समजून घ्यावे, मराठी संदर्भग्रंथ अंध विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या रूपात पडावा, हे पुष्कळ अंशी सहृदय प्राध्यापकांवर आणि वर्गमित्रांवर सोपवले गेले. सहृदयता मोलाची खरी. पण ती बदलीबरोबर जाते, मित्र उत्तीर्ण झाला की संपते.

हैदराबादपासून नांदेडपर्यंतचे अंतर मराठवाड्याने 46 वर्षांत कापले. ते कोणा एका विद्यार्थ्याच्या चिकाटीने कापले गेले नाही. संस्था उभ्या राहिल्या म्हणून कापले गेले. उरलेल्या अंतरालाही हाच न्याय लावला पाहिजे. पुढच्या परीक्षेआधी लेखनिक शोधायला कोण निघाले, विद्यार्थी की महाविद्यालय, एवढे पाहिले तरी हक्क कुठवर आला ते कळेल.