बावटा आणि झेंडा

कोकणातल्या माणसाला बावटा ठाऊक असतो. आम्हां नागपूरकरांना झेंडा. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. तरीही मुंबईस अपोलो बंदरावर उभा राहिलो की माझी नजर शिडांपेक्षा डोलकाठीच्या टोकावरल्या चिमुकल्या निशाणाकडे जाते. ते नौकाक्लबाचे निशाण. मुंबईचा असा क्लब १८४६ सालचा.

हे निशाण बेतणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ते दुरून ओळखू आले पाहिजे. म्हणून रंग थोडे आणि ठळक, अक्षरे शक्यतो नकोतच. दुसरी, वारा फिरेल तसे ते कधी या अंगाने तर कधी त्या अंगाने दिसणार. कागदावरच्या चित्राला एकच बाजू असते, कापडाला दोन.

या कसोटीला १९२१ चा स्वराज्याचा झेंडा काही उतरत नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा असे तीन पट्टे आणि त्यांवर चरखा. चरख्याचे चाक एकीकडे, चाती दुसरीकडे. उलट बाजूने पाहिले की त्यांच्या जागा बदलत. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी नेमकी हीच अडचण बोलून दाखविली. चरख्याचे चाक तेवढे राहिले, आणि त्याने अशोकचक्राचे रूप घेतले. चोवीस आऱ्यांचे ते चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते.

बेतणीचा प्रश्न असा सुटला. पण माणसे तुरुंगात गेली ती त्या जुन्या, सदोष झेंड्यासाठी. आणि गेली ती आमच्या नागपुरात.

१३ एप्रिल १९२३ ला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी पोलिसांनी अडविली. गोऱ्या साहेबांच्या वस्तीतून हे कापड जाऊ द्यायचे नव्हते, एवढाच वाद. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज थोडे स्वयंसेवक झेंडा घेऊन निघत, हद्दीवर पकडले जात. दुसऱ्या दिवशी दुसरे निघत. विनोबा त्यात तुरुंगात गेले. जमनालाल बजाज जूनमध्ये पकडले गेले. दंडापायी त्यांची मोटार जप्त झाली, पण नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे येईना! पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांहून अधिक माणसे गजाआड गेल्यावर १८ ऑगस्टला झेंडा अखेर त्या रस्त्याने गेला.

चरखा उलटा दिसतो की सुलटा, हे त्यांतल्या कोणी पाहिले असेल काय? मला वाटते, नसेल. झेंडा हाती धरणाऱ्याला तो नीटसा दिसतच नाही. तो असतो त्याच्या डोक्यावर, दिसतो समोरच्याला.

त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आता उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, विधानभवन आहे. तेथे तिरंगा फडकतो. दोन्ही बाजूंनी सारखा, निर्दोष. त्याखालून जाताना मला मात्र तो चरख्याचा झेंडा आठवतो. नियमात न बसणाऱ्या त्या कापडाने नियम करणाऱ्यांना वाट सोडायला लावली होती. बेत कागदावर ठरतो खरा. पण निशाणाला अर्थ देतात ती ते खांद्यावर घेऊन चालणारी माणसेच.