वाईची प्राज्ञपाठशाळा

धर्मशास्त्र शिकलेला माणूस रूढींना चिकटूनच राहणार, असं आपण सहज धरून चालतो. वर्गात असा विषय निघाला की मी वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं उदाहरण देत असे.

तिचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती. मीमांसेचे गाढे पंडित, मीमांसाकोश त्यांचाच. विनोबा त्यांच्याकडे शिकले. दुसरे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेविरुद्ध ते शास्त्रं हाती घेऊनच उभे राहिले. १९३३ साली देवदास गांधी आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार १९५५ साली त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला मिळाला. पुढे मराठी विश्वकोशही त्यांनी उभा केला.

रूढी मोडायचं बळ त्यांना पोथ्या मुळातून वाचल्यामुळेच आलं, असं मला वाटतं.