शाईपेनातली हवा

शर्टाच्या खिशावर निळा डाग पडला की दोष शाईच्या माथी येतो. खरी गुन्हेगार बहुतेक वेळा हवा असते. जुन्या फाउंटन पेनांबद्दल लिहिताना निबच्या सोन्याचं आणि टोपणाच्या नक्षीचं कौतुक फार होतं. पण या पेनाची घडण ठरवली ती एका अडचणीने. जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, आणि तीही बेताने. बोरू किंवा टाक दौतीत बुडवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडला नाही. शाई पोटात घेऊन फिरणाऱ्या लेखणीला तो पहिल्या दिवसापासून होता. रुमानियाच्या पेत्राके पोएनारूने १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा लेखणीचं पेटंट घेतलं, तरी नंतरची कित्येक वर्षं ही पेनं एक तर अडून बसत, नाही तर भळकन ओकत.

न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमनला १८८४ मध्ये पेटंट मिळालं ते निबखालच्या जिभेसाठी. जिभेत एक खाच, आणि खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. चिरांतून शाई केशाकर्षणाने निबपर्यंत उतरते, उरलेल्या खाचेतून हवा वर सरकते. विम्याच्या करारावर शाई सांडून गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून वॉटरमन पेटून उठला, ही कथा सगळीकडे सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही. तिच्यामुळे आपण एका माणसाच्या संतापाकडे पाहत राहतो आणि पुढच्या साठ वर्षांची चिकाटी नजरेआड होते. कारण वॉटरमननंतरही गळती थांबली नव्हती. अर्धं रिकामं पेन खिशात अंगाच्या उबेने तापतं, आतली हवा फुगते आणि जिभेत अडकलेली शाई टोपणात ढकलते. जॉर्ज पार्करने १८९४ च्या ‘लकी कर्व्ह’मध्ये जिभेचं मागचं टोक वाकवून नळीच्या भिंतीला टेकवलं, म्हणजे पेन उभं असताना ती शाई आधीच मागे ओघळून जावी. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’मध्ये तर निबभोवतीच्या कवचात पातळ चकत्यांची रांगच बसवली, हवेने ढकललेली जास्तीची शाई त्या चकत्यांच्या फटी धरून ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, लोक पेन हवेसाठी घेत नव्हते, रंगासाठी घेत होते. हे खरं आहे. १९२१ मधला पार्करचा लालभडक ‘ड्युओफोल्ड’ सात डॉलरला खपला तो काळ्या एबोनाइटच्या गर्दीत उठून दिसला म्हणून, आणि शेफर या पेन-कंपनीने १९२४ मध्ये सेल्युलॉइड आणल्यावर हिरव्या रंगाची हौसही भागली. पण रंगाने पेन विकलं, घडवलं नाही. शेफरच्या त्याच हिरव्या पेनाच्या कुशीला एक खटका असे. तो उचलला की आतली पट्टी रबरी पिशवी दाबून हवा बाहेर काढी. सोडला की पिशवी फुगताना शाई ओढून घेई. ही सगळी रचना हवेला कामाला लावण्याची होती. रंगसुद्धा हवेच्या तावडीतून सुटला नाही. त्या काळातलं हिरवं पेन आज हाती घेतलं तर पुष्कळदा टोपण अजून पाचूसारखं असतं आणि खालची नळी तपकिरी पडलेली दिसते: रबरी पिशवीतून निघणारा गंधकयुक्त वायू नळीत कोंडून राहिला, आणि टोपणापर्यंत तो पोचलाच नाही.