लोखंडी दांडीपासून पोलादी वेणीपर्यंत

सावलीचें नांव महाराष्ट्रांत दूरवर गेलें तें सुतामुळें. जुन्या चांदा जिल्ह्यांतील हें गांव चरखा संघाच्या खादीचें एक केंद्र होतें, आणि १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें गांधी सेवा संघाचें अधिवेशन येथें भरलें तेव्हां महात्माजी स्वतः सावलीस आले होते. उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांच्या खालून-वरून गेले म्हणजे कच्च्या सुतालाहि केवढें बळ येतें, हें त्या गांवाला निराळें शिकवावें लागलें नाहीं. विणकामाचें हेंच तत्त्व आज सावलीच्या रस्त्यावर निराळ्याच वेषांत वावरत आहे. तेथें धागा पोलादाचा आहे, आणि तो विणलेला आहे मोटरसायकलच्या ब्रेकच्या नळीभोंवतीं.

चंद्रपुराहून मूल, सावली, व्याहाड असा हा रस्ता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जातो. दोहों बाजूंस धानाचीं शेतें, मालगुजारी तलाव आणि मधून मधून रान. तिन्हीसांजेला शेतांतून उठलेला रानडुक्कर केव्हां आडवा येईल याचा नेम नाहीं. वाघाचा वावरहि ह्या पट्ट्याला नवा नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरां लागला तर आठ मीटर जमीन हातची गेली. अशा वेळीं स्वाराचा जीव त्याच्या चार बोटांत असतो, आणि बोटांचा जोर चाकापर्यंत नेण्याचें काम एका हातभर लांबीच्या नळीकडे असतें. त्या नळीला इतिहास आहे.

चाक शोधणाराची थोरवी सर्वत्र गाइली जाते. तें थांबविणाराचें नांव कोणी काढीत नाहीं. सपाट मुलखांतील बैलगाडीला बैलांची मान हाच ब्रेक पुरे होता. उतार आला कीं मात्र प्रश्न येई. खंडाळ्याच्या घाटांतून १८६३ सालीं आगगाडी सुरू झाली तेव्हां ३७ फुटांस १ फूट असा तेथील चढ होता. एंजिन गाडी वर ओढूं शकेल, पण उतरतांना ती आवरेल कोण, ही चिंता बांधणारांना अधिक होती. म्हणून गाडी सुटलीच तर तिला वळवून चढावर नेऊन थांबविणारे आडमार्ग घाटांत ठेवावे लागले. वेग मिळविणें सोपें आणि तो सोडणें कठीण, ही गोष्ट यंत्रयुगाला अशी पहिल्या पायरीलाच कळली.

मोटरसायकलचा ब्रेक आरंभीं लोखंडी दांडीवर आणि मग तारेवर चाले. चाकाच्या मध्यभागीं एक डबा, त्यांत दोन अर्धचंद्राकृति लायनर. तार ओढली कीं ते पसरून डब्याच्या आंतल्या अंगाला घासत. १९५५ पासून मद्रासेंत जुळूं लागलेली बुलेट असो, कीं पुढें खेडोपाडीं दूधवाल्यांची आवडती झालेली राजदूत असो, सर्वांचा संसार ह्या डब्यावरच चालला. त्याचे दोष खेड्यांतल्या माणसाला पाठ होते. तार ताणली जाई, गंजे, आणि ऐन वेळीं तुटेहि. पावसाळ्यांत नाल्यांतून गाडी काढली कीं डब्यांत पाणी शिरे, आणि तो सुकेपर्यंत ब्रेक धरल्यासारखा धरी, पण लागत मात्र नसे. ह्या जुन्या ब्रेकची एक गोष्ट तरी सांगितली पाहिजे: तो बिघडला तर पान्ह्यानें रस्त्यावरच नीट करतां येई. नव्याबद्दल असें म्हणतां येत नाहीं.

तारेची जागा तेलानें घेतली तिच्या मुळाशीं पास्कल ह्या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हें त्यानें दाखविलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्या दाबला तर दुसऱ्या टोंकाचा मोठा दट्ट्या कितीतरी पट जोरानें पुढें सरकतो. ह्या सिद्धान्तावर मोटारीचा ब्रेक चालविण्याचा हक्क अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें १९१७ सालीं नोंदविला, आणि १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांना तसे ब्रेक बसले. मोटरसायकल ह्या बाबतींत फार मागें राहिली. १९६२ सालीं एका लँब्रेटा स्कूटरला पुढें डिस्क आली, पण तीहि तारेनेंच ओढावी लागे. तेलावर चालणारी डिस्क मोठ्या संख्येनें विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर आणली ती होंडा कंपनीनें, १९६९ सालच्या सीबी ७५० ह्या गाडीवर.

तेल आलें आणि त्याबरोबर नळी आली. हँडल वळतें, पुढचें चाक खड्ड्यांत खालीं-वर होतें, म्हणून ताठ धातूची नळी तेथें चालत नाहीं. लवचीक रबरच हवें. परंतु रबराला फुगण्याची खोड आहे. पाण्यानें भरलेली पखाल एका बाजूनें दाबली कीं दुसऱ्या बाजूला फुगते. पाणी आक्रसत नाहीं, कातडें ताणलें जातें. ब्रेकच्या नळीची गत हीच. स्वारानें दांडा दाबला कीं त्याच्या जोराचा कांहीं भाग नळी फुगविण्यांत खर्ची पडतो आणि उरलेला पॅडपर्यंत पोंचतो. हें फुगणें कमी करण्यासाठीं रबराच्या थरांमध्यें सुताची जाळी विणून घालण्याची युक्ति निघाली, आणि ती आजहि चालू आहे. साध्या रबरी नळीच्या पोटांतसुद्धां कापड आहे, हें सावलीच्या विणकरांस ऐकून नवल वाटूं नये.

सुताच्या जागीं पोलाद आणावयाचें तर आंतली नळीहि तशीच टणक हवी होती. ती गोष्ट जवळजवळ अपघातानें मिळाली. १९३८ च्या एप्रिलांत न्यू जर्सी येथील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट यांस एका वायूच्या टाकींत वायूऐवजीं पांढरी, गुळगुळीत पूड सांपडली. तेंच आज तव्यावर असणारें टेफ्लॉन. त्याला तेल मुरत नाहीं, उष्णता बाधत नाहीं, आणि तें रबराइतकें फुगतहि नाहीं. त्याच्या नळीवर न गंजणाऱ्या पोलादाच्या बारीक तारांची वेणी घातली म्हणजे फुगण्याला जवळजवळ वावच उरत नाहीं. विमानें आणि शर्यतींच्या गाड्या यांनीं हिचा प्रथम लाभ घेतला.

आपल्याकडे ही प्रगति उशिरां, पण झपाट्यानें झाली. २००१ सालीं पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर आली आणि त्यानंतर पुढच्या चाकाची डिस्क मध्यमवर्गीय तरुणाच्या ओळखीची झाली. ब्रेकची विद्या महाराष्ट्रांत तोंवर रुजलीच होती. जळगांवांत कल्याणी ब्रेक्सचा कारखाना चालू होता. २००८ सालीं ब्रेंबो ह्या इटालियन कंपनीनें पुण्याचा भागीदारींतील कारखाना पूर्णपणें आपल्याकडे घेतला, आणि पुढें ‘बायब्रे’ ह्या नांवाचे कॅलिपर अनेक देशी गाड्यांवर दिसूं लागले. २०१८ सालच्या इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीला तर पोलादी वेणीची नळी कारखान्यांतूनच बसून आली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचें झालें. त्या गाड्यांत एका नळीऐवजीं दोन-तीन तुकडे असतात, आणि नळी बदलण्याचें काम त्या मानानें जिकिरीचें झालें आहे.

आतां ह्या वेणीनें नेमकें काय मिळतें? गाडी तेवढ्यानें थोड्या अंतरांत थांबते असा समज पुष्कळांचा आहे, पण तो खरा नव्हे. थांबण्याचें अंतर शेवटीं टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरतें. वेणीनें मिळतो तो दांड्याचा कणखरपणा. बोट किती दाबलें कीं चाक किती आवरतें हें हाताला स्पष्ट कळूं लागतें, आणि घाबरलेल्या क्षणीं तेंच मोलाचें असतें. लाल-निळें आवरण घातलेल्या नळ्याहि मिळतात. रंगाचा ब्रेकशीं संबंध पागोट्याचा अक्कलेशीं असतो तितकाच. मात्र पारदर्शक कां होईना, आवरण असावें, कारण उघडी पोलादी वेणी टाकीचा रंग आणि चिमट्याचा नळ कानशीसारखा घासून काढते.

आणि दांडा मऊ लागतो त्याचें कारण पुष्कळदां नळी नसून जुनें ब्रेक ऑइल असतें. हें तेल हवेंतला ओलावा ओढून घेतें. डॉट ४ प्रतीचें नवें तेल २३० अंशांखालीं उकळत नाहीं. ओलावा मुरला कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. चंद्रपुरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ च्या पलीकडे जातो, आणि पावसाळा चार महिने ओल भरतो. तेल उकळलें कीं वाफ होते, वाफ दबते, आणि दांडा हँडलला जाऊन टेकतो. दोन वर्षांनीं बदलावयाचें थोडेंसें तेल न बदलतां हजारों रुपयांची वेणी बसविणें म्हणजे गळक्या घराला रंग देणें होय.

ज्यांना ती बसवावयाची असेल त्यांनीं काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें. नळीची लांबी जुनीइतकीच हवी. जोडावरील तांब्याचे वायसर प्रत्येक वेळीं नवे घालावे. जुने एकदां दबलेले असतात आणि गळतात. तेलाचा थेंब टाकीवर पडला तर लगेच पाण्यानें धुवावा, नाहींतर रंग उठतो. मग कॅलिपरवरील बोंडलें सैल करून थेंबथेंब तेल सोडीत सगळी एअर काढावी. बुडबुडा येण्याचें थांबलें कीं हँडल दोन्ही बाजूंस टोंकापर्यंत वळवून नळी कोठें ताणत वा घासत नाहीं ना तें पाहावें. नंतर दांडा जोरानें अर्धा मिनिट दाबून धरावा, जोडांवर बोट फिरवून पाहावें, आणि बोट कोरडें निघालें तरच गाडी रस्त्यावर काढावी. प्रथम चालीच्या वेगानें, मोकळ्या मैदानांत.