जिभेखालची गोळी विरघळते, मग पुढं काय?

मंडळी, मळीपासून अल्कोहोल निघतं, हे अकलूजकरांना मी सांगायला नको. पण हृदयाच्या एका औषधाची गोष्टही शेवटी त्या अल्कोहोलपाशीच येते.

इटलीतल्या सोब्रेरोनं 1847 साली नायट्रोग्लिसरीन बनवलं, जिभेला लावून पाहिलं, आणि डोकं ठणकायला लागलं. पुढं त्याचंच डायनामाइट झालं. 1879 साली लंडनच्या विल्यम मरेलनं ते छातीतल्या कळेवर दिलं. गुण आला, का आला, ते कुणाला सांगता येईना. 1977 मध्ये फरीद मुराद यांनी दाखवलं, की यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. बरं, पण तो सोडवतं कोण?

उत्तर मिळालं 2002 साली, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. मायटोकॉन्ड्रियातलं एएलडीएच-2 हे एन्झाइम. म्हणजे दारूपासून शरीरात होणारं ॲसिटाल्डिहाइड निकामी करणारंच! औषध फोडता फोडता ते स्वतःही मंदावतं. सतत दिलेल्या औषधाचा गुण उतरतो, त्याचं हे एक कारण. चीन-जपानकडे अनेकांचं हे एन्झाइम जन्मतःच अधू असतं. दोन घोटांत चेहरा लाल होतो, आणि नायट्रोग्लिसरीनही कमी लागू पडतं.

आपल्या खिशातली सॉर्बिट्रेट याच घराण्यातली, पण तिचं काम या एन्झाइमवर फारसं अवलंबून नाही.