मोटारीचा कर आणि राज्याची सीमा

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर चाचपतो, रंगाखाली दडलेला गंज नखाने खरवडून पाहतो. परंतु त्या मोटारीबरोबर कराचा केवढा इतिहास आपल्या दारात येत आहे, याची त्याला सहसा कल्पना नसते. विकणाऱ्यालाही ती नसते, आणि त्याची किंमत कधीकधी त्यालाच अधिक मोजावी लागते.

चाकावर कर बसविण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात गाड्याघोड्यांवरील चाकपट्टीची तरतूद होती. पुढे मोटारी आल्या आणि बैलगाडीच्या बेताने बांधलेले खडी-मुरमाचे रस्ते त्यांच्या भाराखाली उखडू लागले. रस्ता दुरुस्त करायचा, तर पैसा कोणी द्यायचा? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचा अहवाल १९२८ साली आला. दुसऱ्याच वर्षी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला व त्यातून मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे, हे यामागील तत्त्व होय. वाहनांवरील कर मात्र प्रांतांकडे राहिला. मुंबई प्रांताने १९३५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

राज्यघटनेनेही हीच वाटणी कायम ठेवली. वाहनकर राज्यसूचीत गेला आणि तो कोणत्या तत्त्वांवर आकारावा हा विषय समवर्ती सूचीत आला. त्यामुळे देश एक, वाहनाचा मूळ कायदा एक, पण कर मात्र राज्यागणिक वेगळा, अशी स्थिती निर्माण झाली. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ ज्या विशाल मुंबई राज्यात आले, त्याने आपल्यापुरता १९५८ चा एकच कायदा केला. त्यातील एक कलम खरेदीदाराने ध्यानात ठेवण्याजोगे आहे: विक्रेत्याने थकविलेल्या कराची जबाबदारी नव्या मालकावरही येते, आणि म्हणून जुना मालक काही मोकळा सुटत नाही.

सीमेचा जाच पहिल्यांदा न्यायालयापुढे आला तो बसमालकांमुळे. अजमेर हे त्यावेळी वेगळे राज्य होते. नसिराबाद ते देवली हा रस्ता मुख्यतः अजमेरच्या हद्दीतून जाई. मध्येच राजस्थानच्या भूमीचे काही अरुंद पट्टे लागत. तेवढ्यासाठी राजस्थानने आपल्या १९५१ च्या कायद्यान्वये पूर्ण कर मागितला. घटनेने व्यापाराला दिलेल्या मुक्तसंचाराचे हे उल्लंघन आहे, असे बसमालकांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ते मान्य केले नाही. रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापाराला अडथळा ठरत नाही, असा निर्णय झाला. जयकर समितीच्या तत्त्वाला जणू न्यायालयीन शिक्कामोर्तब मिळाले! हा मोबदल्याचा सिद्धांत चोपन्न वर्षे टिकला. २०१६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो त्याज्य ठरविला.

कर दरवर्षी भरला जाई तोवर विक्रीचा व्यवहार सोपा होता. वर्ष सरले की नवा मालक आपला कर भरी. एकरकमी कराने हे चित्र पालटले. महाराष्ट्राने १९८७ साली दुचाकींवर असा कर बसविला. उच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली उचलून धरला. सरकारची वसुलीची दगदग वाचली, नागरिकाचेही हेलपाटे वाचले, हे खरे. तथापि जो कर वर्षाच्या वापराचा मोबदला होता, तो आता वाहनाच्या किमतीचाच एक भाग बनला. राज्याच्या आत विक्री झाली तर तो वाहनाबरोबर जातो आणि विक्रेता किमतीतून तो वसूल करू शकतो. सीमेपलीकडचा खरेदीदार मात्र त्याची कवडीही देणार नाही, कारण त्याला आपल्या राज्याचा कर नव्याने भरावयाचा असतो. पहिल्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा अर्ज करून, मागे लागून मिळवावा लागतो. बदलीच्या नोकरीत नागपूरहून बंगळूरला गेलेल्या कुटुंबाची हीच अडचण. १९८८ च्या कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनास नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. २०१७ च्या वस्तू व सेवा करामुळे जकात गेली, प्रवेशकर गेला. वाहनकर तेवढा आपल्या जागी राहिला.

त्याच १९८८ च्या कायद्याने राज्यांतर्गत विक्रीची वर्दी देण्यास विक्रेत्याला चौदा, तर खरेदीदाराला तीस दिवसांची मुदत दिली आहे. पैसे हातात पडले की विक्रेता ही मुदत विसरतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मोटार हातोहाती विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. पुढे अपघात झाला. ज्याने ती मोटार कधीच विकून टाकली होती, त्याच्यावरच नुकसानभरपाईचा भार आला. नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, वाहन त्याच्या ताब्यात असेपर्यंत, मालक मानण्याचा नियम लागू झाला, तो या धोक्यावर उपाय म्हणून.

सीमेच्या जाचावरचा उपाय १५ सप्टेंबर २०२१ रोजी अमलात आला. सैन्यदले, सरकारी नोकर, आणि चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी संस्थांचे नोकर यांच्यासाठी ‘बीएच’ नोंदणी सुरू झाली. तिच्यात कर दोन वर्षांचा वा दोनाच्या पटीतील वर्षांचा घेतात. दर दहा लाखांखालील मोटारीस शेकडा आठ, वीस लाखांपर्यंत दहा, त्यावर बारा. म्हणजे मुदतीने कर भरण्याची जुनी रीतच परत आली म्हणावयाची. मात्र तिचा लाभ ठराविक नोकरदारांनाच आहे. अशी मोटार सवलतीस अपात्र असलेल्या एखाद्या दुकानदाराने वा शेतकऱ्याने घेतली, तर तिची नोंद पुन्हा राज्याच्या वहीत जाते, आणि राज्याचा कर त्याने भरावयाचा असतो.